‘बिडी ओढत होता की!’ म्हणून कंपनी हात झटकते तेव्हा

पत्र (थोडं आवरून घेतलं आहे)

आमचे हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, होते. एकूण बावीस वर्षं. पहिली नऊ एका ठिकाणी, पुढची तेरा दुसऱ्या ठिकाणी, दोन्हीकडे ठेकेदाराच्या नावावर. आधी फेटलिंगला (ओतीव भाग घासायला), मग मोल्डिंग (वाळूचे साचे) आणि नॉकआउटला (साचे फोडायला). वय ५०. चार वर्षांपासून खोकला आणि दम आहे. टीबी म्हणून दोनदा सहा-सहा महिन्यांचा कोर्स केला. थुंकी दोन्ही वेळा निगेटिव्ह होती. आता मिरजेच्या डॉक्टरांनी एचआरसीटी (छातीचा सविस्तर स्कॅन) बघून ‘हे धुळीचं दुखणं आहे’ असं तोंडी सांगितलं. सप्टेंबर २०२५ पासून ते घरीच आहेत, जिना चढवत नाही. पगार २२,५००. पूर्वी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापायचे, पगार २१ हजारांवर गेल्यावर बंद केलं. कंपनी म्हणते, हा टीबी आहे, शिवाय बिडी ओढत होता, आणि तो आमचा कामगारच नाही, ठेकेदाराचा आहे. ‘माणुसकी म्हणून’ ७५ हजार देतो म्हणतात, त्यासाठी स्टॅम्पपेपरवर सही मागतात. धुळीमुळेच झालं हे आम्ही कसं सिद्ध करणार? आमच्या शेजारणीचा नवरा त्याच कंपनीत रात्रपाळीत भट्टीजवळ कोसळून गेला. तिलाही ‘हार्ट अटॅक होता, आमचा संबंध नाही’ असंच सांगितलं. आणि आमचा मुलगा २३ वर्षांचा आहे. तिथेच लावून देतो असं ठेकेदार म्हणतोय. काय करू?

— एक वाचक, शिरोली परिसर

उत्तर

ताई,

आधी स्टॅम्पपेपरचं बोलू. सही करू नका. झालीच असेल तरी रात्रीची झोप घालवू नका. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ याचं कलम १७ सांगतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार, तो कधीही केलेला असो, त्या हक्कापुरता रद्दबातल आहे. तडजोड करायची झाली तर ती भरपाई आयुक्तांसमोर, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, नोंदवावी लागते. ठेकेदाराच्या केबिनमध्ये ‘सर्व हक्क सोडले’ असं लिहून घेतलं म्हणून हक्क सुटत नाहीत. पण सही झाली की पुढे प्रत्येक तारखेला तोच कागद तुमच्यापुढे नाचवतील. ती कटकट ओढवून घेऊ नका.

आता मुख्य प्रश्न. ‘धुळीमुळेच झालं हे कसं सिद्ध करणार’ हा प्रश्न तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतो, आणि कंपनीला तो तसाच तुमच्या डोक्यावर ठेवायचा आहे. कायद्याने मात्र तो निम्म्याहून जास्त तुमच्या डोक्यावरून उतरवलेला आहे. १९२३ च्या कायद्याला तिसरी अनुसूची जोडलेली आहे, म्हणजे धंद्यातून होणाऱ्या रोगांची यादी. तिच्या ‘क’ भागात सिलिकाच्या, म्हणजे वाळूच्या, धुळीने होणारा सिलिकोसिस आहे, ॲस्बेस्टोसिस आहे, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आहे. यादीतला रोग त्या कामाच्या माणसाला झाला, की कायदा त्याला कामावरचा अपघात समजतो आणि तो कामामुळेच झाला असं गृहीत धरतो. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी मालकावर जाते. म्हणजे तुम्हाला दोनच गोष्टी उभ्या करायच्या आहेत. रोगाचं नाव, आणि धुळीतली वर्षं. कंपनीने किती निष्काळजीपणा केला, पंखे होते का, साहेब कसा होता, यातलं काही सिद्ध करायची गरज नाही. बहुतेक कुटुंबं नेमका त्यातच जीव काढतात आणि ही दोन कागदं कच्ची राहतात.

एक तांत्रिक बाब इथेच उरकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्या पोटात गेला. तुमचे यजमान त्याआधीच, सप्टेंबरात, घरी बसले. त्यामुळे तुमचा हक्क जुन्या कायद्याखाली उभा राहिला असं धरून मी लिहितोय. रोगांची यादी आणि वर सांगितलेलं गृहीतक संहितेतही पुढे आलेलं आहे. अर्जात दोन्हींचा उल्लेख करायला वकिलांना सांगा, म्हणजे नुसत्या कलमाच्या वादावर सहा महिने जायला नकोत.

आता रोगाचं नाव. मिरजेच्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलं, ते न्यायालयात शून्य. कागदावर ‘सिलिकोसिस’ हा शब्द हवा. तो का येत नाही हेही समजून घ्या. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका. बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी घालून ती मळतात, साच्यात तापलेला रस पडतो, आणि नॉकआउटला बॉक्स फोडताना ती कोरडी ठणठणीत वाळू भुगा होऊन उडते. फेटलिंगला तर कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरखाली अक्षरशः पीठ होते. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात अडकते. घात करते ती न दिसणारी. ती फुप्फुसात खोलवर जाऊन बसते, तिथे गाठी तयार होतात, आणि काम सोडल्यावरही त्या वाढत राहू शकतात. यावर उलट फिरवणारं औषध नाही.

या गाठी बहुतेकदा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. टीबीचे डागही तिथेच. आपल्याकडे छातीच्या एक्स-रेवर वरच्या भागात काही दिसलं की रिपोर्टवर ‘ओल्ड कॉक्स’ हे दोन शब्द पडतात, म्हणजे जुना टीबी, आणि एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होतात. पेशंट काय काम करतो हे केसपेपरवर विचारायची पद्धतच नाही. ‘व्यवसाय’ या रकान्यात फार तर ‘मजूर’ लिहिलेलं असतं. डॉक्टरांना मी दोष देत नाही, टीबी आपल्याकडे खरोखरच भरपूर आहे. पण दोनदा कोर्स, दोन्ही वेळा थुंकी निगेटिव्ह, तरी दम वाढताच, आणि बावीस वर्षं फाउंड्री, हे चित्र दिसल्यावर पुढचा विचार व्हायलाच हवा होता.

तेव्हा असं करा. जुन्या एक्स-रेच्या सगळ्या फिल्म, नुसते रिपोर्ट नाहीत, तारखेप्रमाणे लावा. वर्षागणिक गाठी कशा वाढल्या हे त्यातून दिसतं आणि तो मोठा पुरावा असतो. ते घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या छातीरोग विभागात जा. कामाचा इतिहास एका पानावर लिहून द्या: कुठल्या साली, कुठल्या खात्यात, दिवसाचे किती तास, वाळू कुठली, धूळ ओढणारी यंत्रणा होती की नव्हती. हे पान केसपेपरला जोडायला सांगा. आणि डॉक्टरांना नम्रपणे तीन गोष्टी मागा. एक्स-रेचं वाचन आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणाने व्हावं. त्यात गाठींचा आकार पी, क्यू, आर अशा अक्षरांत आणि दाटपणा १/१, २/२ अशा आकड्यांत लिहितात, आणि असा रिपोर्ट उलटतपासणीत टिकतो. फुप्फुसाची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री व्हावी. आणि टीबी नाही, किंवा आहे, हे थुंकीच्या सीबीनॅट या टीबीच्या चाचणीने पक्कं व्हावं. स्थानिक पातळीवर वाचन जमत नसेल तर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचं मत मागता येतं. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगारांची फेरतपासणी याच संस्थेकडे सोपवली होती.

काही डॉक्टर ‘लिहून देतो, पण कोर्टकचेरी नको’ म्हणतात. त्यांना एवढंच सांगा की पूर्वी कारखाने अधिनियमात आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सिलिकोसिस हा कळवायलाच हवा असा रोग आहे. तो आढळला की मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवणं ही तपासणाऱ्या डॉक्टरचीच जबाबदारी. डॉक्टरांनी कळवलं की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तुमच्या यजमानांची नोंद होते, आणि ती नोंद कंपनीला पुसता येत नाही.

इथे एक सावधगिरी. अहवालात नुसतं ‘ब्राँकायटिस’ किंवा ‘सीओपीडी’ आलं, तर वर सांगितलेल्या गृहीतकाचा आधार सुटतो आणि सगळं ओझं परत तुमच्यावर येतं. म्हणून दावा टाकायच्या आधी निदान पक्कं करा. निदान वेगळं निघालं तर मला पुन्हा लिहा, तो मार्ग वेगळा आहे आणि कठीणही.

बिडीचं काय? ती लपवू नका. सरकारी दवाखान्याच्या पहिल्याच केसपेपरवर ‘धूम्रपान – हो’ असं लिहिलेलं असणार, आणि साक्षीत ‘कधीच नाही’ म्हटलं की त्या एका खोट्याने बाकीची बावीस खरी वर्षं संशयात जातात. बिडीने दम वाढतो, फुप्फुस फुगतं, कॅन्सर होतो, हे सगळं खरं. पण वरच्या भागात बारीक गोल गाठींची पेरणी बिडी करत नाही. ती सिलिकाची खूण आहे. डॉक्टरांच्या साक्षीत हा एक प्रश्न आणि हे एक उत्तर यायला हवं, तुमच्या वकिलाने ते विसरता कामा नये. कंपनीच्या वकिलाला फार तर असं म्हणता येईल की दम लागण्याला बिडीचा हातभार लागला. हातभार लागला म्हणून सिलिकोसिस नाहीसा होत नाही. (आणि यजमानांना सांगा, बिडी आजच बंद. हे कायद्यासाठी नाही.)

‘टीबी आहे’ या उत्तरात तर कंपनीने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. सिलिका फुप्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशींनाच मारते, म्हणून सिलिकोसिसच्या माणसाला टीबी लवकर गाठतो. हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तिसऱ्या अनुसूचीत ‘सिलिको-ट्युबरक्युलोसिस’ हे नाव स्वतंत्रपणे घातलेलं आहे. अट एवढीच की आलेल्या अपंगत्वात सिलिकोसिस हा आवश्यक घटक असावा. तेव्हा उद्या सीबीनॅट पॉझिटिव्ह आली तरी दावा बुडत नाही.

‘मास्क दिला होता, घातला नाही’ हेही म्हणतील. कुठला मास्क, कधी दिला, रजिस्टरवर सही कुठे आहे, हे विचारा. रुमाल किंवा कापडी मास्क या धुळीला अडवत नाही.

वर्षांचा पुरावा मात्र सगळ्यात जास्त वेळ खाणार आहे. ठेकेदाराच्या माणसाकडे नेमणूकपत्र नसतं हे मला माहीत आहे. सुरुवात पीएफपासून करा. यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) लॉगिन केलं की कुठल्या आस्थापनेने कुठल्या महिन्यात किती भरले हे नावासकट दिसतं. पासबुकाच्या प्रिंट काढा. त्यात मधली वर्षं गायब असतील, कारण ठेकेदार बदलला की खातं बदलतं आणि काही ठेकेदार भरतच नाहीत. त्या मधल्या वर्षांसाठी इकडून तिकडून वेचावं लागेल: बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, बोनसची पावती, गेटपास, कंपनीच्या लोगोचा टी-शर्ट घालून आयुध पूजेला काढलेला खात्याचा फोटो, ईएसआयचं जुनं कार्ड. ईएसआय कार्डावर विमा क्रमांक असतो आणि त्यावरून कुठल्या मालकाने कधी वर्गणी भरली ते कार्यालयात निघतं. त्याच खात्यातून निवृत्त झालेल्या दोन-तीन कामगारांची प्रतिज्ञापत्रं घ्या. आत्ता नोकरीत असलेल्यांना साक्षीला ओढू नका, त्यांच्या चुलीवर गदा येते आणि ऐनवेळी ते फिरतात. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात त्या फाउंड्रीच्या तपासणीचे शेरे आणि हवेतल्या धुळीच्या मोजणीचे अहवाल मागा. त्या खात्यातल्या आणखी कुणाला असंच निदान झालं असेल तर त्यांच्या घरी जाऊन या. एकाच खात्यातले दोन-तीन सिलिकोसिस आयुक्तांसमोर आले की बिडीचा मुद्दा आपोआप हलका पडतो.

‘आमचा कामगार नाही’ याला कलम १२ उत्तर देतं. कंपनीने स्वतःच्या धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तर भरपाई देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. नंतर त्याने ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांचा आपसातला हिशेब. फाउंड्रीत मोल्डिंग हे मूळ काम नसेल तर मग काय आहे? अर्जात दोघांनाही पक्षकार करा. आणि पहिली नऊ वर्षं ज्या फाउंड्रीत गेली तिलाही करा. ‘क’ भागातल्या रोगांना एकाहून जास्त मालकांकडची नोकरी मिळून धरली जाते आणि कुणी किती द्यायचं ते आयुक्त ठरवतात. हे न केल्यास दुसरी फाउंड्री पहिल्या दिवशी म्हणेल, ‘धूळ तिकडची, आमच्याकडे आला तेव्हाच आजारी होता.’

ईएसआयचा गुंता नीट ऐका, कारण यात पुष्कळांचे दावे अडकतात. ज्याचा ईएसआय चालू आहे त्याला त्याच आजारासाठी भरपाई आयुक्तांकडे जाता येत नाही. त्याला ईएसआयकडूनच अपंगत्व लाभ मिळतो, धंद्यातल्या रोगाचं प्रकरण विशेष वैद्यकीय मंडळापुढे जातं, आणि मंडळाचा निर्णय पटला नाही तर कर्मचारी विमा न्यायालय आहे. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या वाचकांनी हाच मार्ग धरावा. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून ईएसआयला हात वर करता येत नाहीत. ते लाभ देतात आणि मालकाकडून वसूल करतात. तुमची अडचण अशी की यजमानांचा ईएसआय आधी होता, मग पगार वाढल्यावर थांबला. त्यामुळे कंपनी ‘ईएसआयकडे जा’ म्हणणार आणि ईएसआय ‘आता तुमचं कव्हर नाही’ म्हणणार. दोघांच्या मध्ये चेंडू होऊ नका. ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, लेखी उत्तर मागा. ते नाही म्हणाले तर तेच पत्र कामगार न्यायालयात तुमच्या उपयोगाचं. मात्र त्यांच्या उत्तराची वाट बघत मुदत घालवू नका.

मुदत दोन वर्षांची आहे. आजाराच्या बाबतीत ती आजारामुळे सलग कामावर न गेल्याच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुमच्यासाठी सप्टेंबर २०२५ मधली ती तारीख. हजेरीपटावरून ती नक्की करा. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण ज्याच्याकडे वेळ आहे त्याने माफीवर विसंबू नये.

निदान पक्कं झालं की पहिलं पाऊल म्हणजे मालकाला लेखी नोटीस. साधं पत्र पुरतं: नाव, कामाची वर्षं, खातं, आजार, घरी बसल्याची तारीख, भरपाईची मागणी. रजिस्टर्ड पोस्टाने दोन्ही फाउंड्र्यांना आणि ठेकेदाराला पाठवा, पावत्या जपा. नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने ‘आमच्या डॉक्टरकडून फुकट तपासून घ्या’ म्हटलं तर जावंच लागतं. नकार दिला तर हक्क स्थगित होतो, आणि रागाच्या भरात नेमकं हेच होतं. जा, सोबत कुणाला तरी न्या, रिपोर्टची प्रत मागा, मूळ फिल्म तिथे ठेवून येऊ नका, आणि तपासणीच्या संमतीखेरीज कशावरही सही नको.

आता पैशांचं. हिशेबासाठी पगार कितीही असला तरी महिना १५,००० रुपयेच धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, आणि आजच्या पगारांपुढे ती तोकडी आहे हे माझं मत. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर त्याच्या ६० टक्के, म्हणजे ९,००० गुणिले वयाचा घटक. ५० व्या वर्षी तो १५३.०९ आहे. होतात १३,७७,८१० रुपये. कमावण्याची ताकद निम्मी गेली असं ठरलं तर ६,८८,९०५. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, तेव्हा औषधाच्या दुकानाच्या चिठ्ठ्यासुद्धा टाकू नका. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. यापुढे ७५ हजार ठेवून बघा. अठरावा हिस्सासुद्धा भरत नाही.

पूर्ण की अर्धवट, यावरच खरी लढाई होणार आहे. कंपनीचा डॉक्टर ‘हलकं काम करू शकतो, ३० टक्के’ असं लिहील. तुमच्या वकिलाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ च्या अहवालातला निकाल काढून ठेवावा. त्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमावण्याची ताकद शंभर टक्के गेली असं न्यायालयाने धरलं. ज्या माणसाने आयुष्यभर वाळूतच काम केलं आणि ज्याला आता धुळीत पाऊल टाकायची मनाई आहे, त्याची मोल्डर म्हणून किती ताकद उरली? डॉक्टरांच्या दाखल्यात ‘कायमचं’ हा शब्द, टक्का, आणि ‘धुळीच्या कामास अयोग्य’ ही ओळ, तिन्ही हवीत.

अर्ज कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात जाईल. दावेदार जिथे राहतो तिथेही अर्ज करता येतो, त्यामुळे कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय. ते वाचून बरं वाटतं, पण घरखर्चाचं गणित त्यावर बांधू नका. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि मालकाला अपील करायचं असेल, तर ठरलेली रक्कम आधी जमा करावी लागते. अपील उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे येईल. ते ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

शेजारणीबद्दल. त्यांची केस तुमच्यापेक्षा वेगळी आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा. हृदयविकार त्या यादीत नाही. त्यामुळे गृहीतक नाही, आणि कामाच्या ताणानेच झटका आला किंवा लवकर आला हे त्यांनाच दाखवावं लागेल. मार्ग बंद नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याला आधीच हृदयाचा आजार होता, आणि ड्यूटीवर असताना तो गेला. त्याच्या पत्नीच्या अपिलात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी असं धरलं की काम हे एकमेव कारण असायची गरज नाही, कामाने मृत्यूला हातभार लावला किंवा तो अलीकडे ओढला तरी पुरे. हा निकाल १९५४ च्या अहवालात छापलेला आहे आणि आजही वकील तो काढतात. उलट २००७ च्या अहवालात छापलेल्या, गाडीवरच्या एका क्लीनरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, कामावर असताना मरण आलं एवढंच पुरत नाही, ताणाचा पुरावा हवा. आणि २०१३ च्या अहवालातल्या निकालात त्याच न्यायालयाने हजारावर किलोमीटर ट्रक चालवून आलेल्या ड्रायव्हरच्या घरच्यांना भरपाई दिली, कारण ताण त्या प्रवासातच उघड दिसत होता.

म्हणून शेजारणीने ताणाचे कागद गोळा करावेत. त्या आठवड्याचा हजेरीपट, सलग डबल ड्यूटी झाली होती का, किती माणसांचं काम किती जण करत होते, त्या रात्री किती हीट, म्हणजे भट्टीच्या खेपा, ओतल्या, छातीत दुखतंय असं त्यांनी कुणाला सांगितलं होतं का, सांगितल्यावर किती वेळाने गाडी मिळाली. पोस्टमॉर्टेम झालं असेल तर अहवाल लगेच काढा. झालं नसेल तर दवाखान्याचा पहिला कागद, ज्यावर ‘कामावरून आणले’ असं असतं. मृत्यूच्या दाव्याला मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं. आणि एक लक्षात असू द्या: मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते. घरी आणून दिलेले पैसे कायद्याच्या हिशेबात भरपाई धरली जात नाहीत. कुणी पाकीट आणून दिलं तर ते कशाबद्दल आहे हे विचारल्याशिवाय त्यांनी काही लिहून देऊ नये. त्यांच्या यजमानांचा ईएसआय चालू होता का, हे मात्र आधी बघा. असेल तर दावा ईएसआयकडे, आश्रितांच्या लाभासाठी.

मुलाचं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. माझं मत विचाराल तर त्या खात्यात नको. ठेकेदार आत्ताच नोकरीची भाषा करतोय, यात मला दावा थोपवण्याचाही वास येतो. पोरगा आत असला की आईचा आवाज खाली येतो, हे त्यांना चांगलं कळतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात मशीनशॉप कमी नाहीत. सीएनसीवर किंवा इन्स्पेक्शनला शिकाऊ म्हणून सुरुवातीला चार पैसे कमी मिळतील. फाउंड्रीतच जायची वेळ आली, तर रुजू व्हायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री स्वखर्चाने करून फिल्म घरी ठेवा, नेमणूकपत्र कंपनीच्या लेटरहेडवर घ्या, आणि नॉकआउट-फेटलिंगला लावणार नाहीत हे आधी बोलून घ्या.

नोटिशीचा कच्चा मसुदा केलात तर नावं-पत्ते झाकून सदराच्या पत्त्यावर पाठवा, नजर टाकून कळवतो. त्याआधी सीपीआरची फेरी करून या. निदानाचा कागद हातात नसताना नोटीस पाठवायची घाई नको.